नवतपा जातो, पिल्लं येत नाहीत: प्राणीगृहातला दरवर्षीचा घोळ

दरवर्षी तेच होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरतो. जूनच्या २० तारखेपर्यंत आमच्या रॅटना पिल्लं होतात आणि मग नळाचं पाणी जावं तसं सगळं थांबतं. जुलै कोरडा, ऑगस्ट कोरडा. नर-मादी एका पिंजऱ्यात, खाणंपिणं ठीक, वजन ठीक, पण बाविसावा दिवस येतो नि जातो, तुसात काही हलत नाही. सप्टेंबर लागला की पुन्हा सुरू. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे प्रकल्प नेमके ऑगस्टमध्ये लागतात. म्हणजे हवे तेव्हा उंदीर नाहीत आणि दिवाळीच्या सुट्टीत पिंजरे पुरत नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि प्रयोगांसाठी उंदीर पाळतो ते प्राणीगृह माझ्याकडे आहे. ओळखीच्या आणखी तीन-चार कॉलेजांतून हीच तक्रार ऐकली, आणि प्रत्येकाकडे आपापला खात्रीचा उपाय होता. माझ्याकडे तर तीन होते. तिन्ही चुकीचे निघाले, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एक शब्दाचा खुलासा. मराठीत दोन्हींना उंदीरच म्हणतात, पण प्राणीगृहात रॅट वेगळे आणि माइस वेगळे. आमच्याकडे विस्टार जातीचे रॅट आहेत, पांढरे, मोठे. आणि थोडे स्विस माइस. रॅटची गर्भावस्था २१ ते २३ दिवसांची, माइसची १९ ते २१. एकाची गोष्ट दुसऱ्याला लावली की फसायला होतं, ते पुढे येईलच. इथे मुख्य गोष्ट रॅटची.

पहिल्या वर्षी मी म्हटलं, नर म्हातारे झाले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सहा नवे नर आणले, सप्टेंबरात पिल्लं झाली. प्रश्न मिटला असं धरून जुने नर प्रजननातून काढून टाकले.  नवे नर चालले, म्हणजे दोष जुन्या नरांत, माद्यांत नाही, एवढं धरलं. आणि तो दोष वयाच्या नावावर टाकला आणि पुढे गेले. ते नर जेमतेम सात महिन्यांचे होते, हे वहीत लिहिलेलं असूनही.

दुसऱ्या वर्षी नर तरुण होते, तरी जुलै कोरडाच. मग संशय खाद्यावर. पावसाळ्यात एका पोत्याला कुबट वास आला होता. पोती परत केली, दुसरीकडून खाद्य आणलं. सप्टेंबरात पिल्लं झाली आणि मी दोन वर्गांत ‘खाद्याचा प्रजननावर परिणाम’ या विषयावर उत्साहानं बोलले. ती मुलं आता कुठे कुठे नोकरीला लागलीत, त्यांची मनातल्या मनात माफी मागते.

तिसऱ्या वर्षी बिलं अडकली होती. ना नवे नर, ना नवं खाद्य. आम्ही हातावर हात ठेवून बसलो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार माद्या व्यायल्या. प्राणीगृह सांभाळणारे काका बादली खाली ठेवत म्हणाले, “मॅडम, यंदा तं आपुन काईच केलं नाई. तरी झालेच ना पिल्लं.”

त्या एका वाक्यानं तीन वर्षांचं गणित उलटलं. घोळ आपोआप सुटत होता. ऑगस्टमध्ये काहीही केलं असतं, पिंजऱ्याला अंगारा लावला असता, तरी गुण आलाच असता. म्हणजे ऑगस्टमध्ये काय बदललं हे शोधण्यात अर्थ नव्हता. बिघाड आधी कधीतरी होऊन गेला होता आणि आपल्याला तो उशिरा दिसत होता. किती आधी?

वही काढली. तीन वर्षांच्या पिल्लांच्या जन्मतारखा कॅलेंडरवर मांडल्या आणि प्रत्येक तारखेतून २२ दिवस वजा केले, म्हणजे गर्भधारणेचा दिवस. तिन्ही वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गर्भधारणा नावालाही नव्हती. आता उन्हाळ्याचा संशय यायलाच हवा होता, पण मला एक गोष्ट आडवी येत होती. ऐन मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, माद्या गाभण राहत होत्या. ऊन सर्वांत कडक तेव्हा सगळं सुरळीत, आणि पाऊस पडून गारवा आला की बंद. शिवाय तापमानाची नोंदवही स्वच्छ होती. मे महिनाभर २७, २७, २८, २७.

नोंद दहा वाजताची होती. रोज सकाळी दहाला काका यायचे, पाणी-खाद्य करायचे, थर्मामीटर पाहायचे, सही करायचे. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, दुपारी तिथे माणूस नाही. खोलीला डक्ट कूलर. सकाळी भरलेली त्याची टाकी दुपारी दोनच्या आत आटते, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर पाणी असं पितो की विचारू नका. पाणी संपलेला कूलर म्हणजे बाहेरची झळ ओढून आत फेकणारा पंखा. दोन ते सहा आमचे उंदीर त्या झळीत बसत होते आणि सकाळी दहाला खोली पुन्हा सभ्य २७ वर.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नर ओले रायत होते ना मॅडम, गळ्याखालून, छातीवरून. मले वाटलं बाटली गळून रायली. चार बाटल्या बदलल्या म्या.” बाटल्या गळत नव्हत्या. रॅटला माणसासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही की लाळ अंगाला फासतो. ओला गळा हा त्या प्राण्यानं केलेला अर्जच होता, आम्ही तो बाटलीच्या खात्यात जमा केला. प्राणिप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या मार्गदर्शिकेत खोलीचं तापमान १८ ते २९ अंश सांगितलं आहे. पिल्लांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आम्ही त्यांना नको तेवढं सोसायला लावलं, हे आधी मान्य करायला हवं.

पुढच्या मे महिन्यात कमाल-किमान थर्मामीटर दोन ठिकाणी लावले. काही शे रुपयांची वस्तू. पहिल्याच आठवड्यात वरच्या फळीवरचा कमाल आकडा ३८.५, खालच्या फळीवर ३५. आणि दहाची नोंद? २७.

मग मे महिन्यात गाभण कशा राहतात?

शुक्राणू एका दिवसात तयार होत नाहीत. रॅटमध्ये मूळ पेशीपासून शुक्राणू बनायला सुमारे ५२ दिवस लागतात, त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे एपिडिडिमिसच्या लांबच लांब नळीतून सरकत पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस. माइसमध्ये हाच काळ ३५ दिवसांच्या आसपास, वर नळीतला प्रवास. वृषण पोटाबाहेर असतात ते थंड राहण्यासाठीच. शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमानात हे काम चालतं. खोलीच तापली की हा फरक उरत नाही.

उष्णतेचा मार या साखळीत सगळीकडे सारखा बसत नाही. तयार शुक्राणू त्यातल्या त्यात टिकतात. सर्वांत नाजूक असतात मधल्या पायरीवरच्या पेशी: अर्धसूत्री विभाजनातून जाणाऱ्या, आणि त्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गोल पेशी. त्या मरतात. पण नराच्या कोठारात आधीचा माल शिल्लक असतो, त्यावर तो तीन-चार आठवडे निभावतो. म्हणून मे महिन्यात माद्या गाभण राहतात आणि जूनच्या २० पर्यंत पिल्लं होतात. मग मेलेल्या पेशींची जागा पुढे पुढे सरकत तोंडाशी येते आणि कोठार रिकामं. आपल्याकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पाणी तुटलं की फुलं-पात्या गळतात, त्या दिवशी शेत हिरवंगारच दिसतं. बोंडं मोजायला जाता तेव्हा कळतं काय गेलं ते. अगदी तसंच.

आता हिशोब जुळतो का पाहा. झळ सुरू मेच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टी लागली तेव्हा. कोठार संपलं जूनच्या सुरुवातीला. मृग बरसून खोली गार झाली साधारण १५ जूनला. तिथून साठ दिवस मोजले की ऑगस्टचा मध्य, गर्भधारणा पुन्हा सुरू. त्यात २२ दिवस मिळवले की सप्टेंबरचा पहिला आठवडा. वहीतल्या तारखा दोन-चार दिवसांच्या फरकानं याच निघाल्या. मी खुर्चीवर बसूनच राहिले.

माद्यांना उन्हाचा त्रास होत नाही असं नाही. मीलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उष्णतेनं भ्रूण जातात, आईचं खाणं कमी होतं, दूध कमी होतं. पण मादीचा बिघाड ऊन उतरल्यावर लवकर भरून येतो. नराचा दोन महिने रेंगाळतो, आणि म्हणून चुकीच्या ऋतूत दिसतो.

हाच घोळ आहे हे पक्कं कसं करायचं

अशा नराची गंमत अशी, की वागण्यात काही कमी नसतं. पुरुषत्वाचं संप्रेरक बहुतांशी ठीक असतं, तो माद्यांच्या मागे लागतो, मीलन करतो, बुचही पडतं. रॅटमध्ये मीलनानंतर योनीत घट्ट बुच तयार होतं आणि काही तासांत गळून पडतं. पिंजऱ्याच्या जाळीखाली कागद अंथरला तर सकाळी सापडतं. बुच सापडलं म्हणून आपण खूश, पण बुचात शुक्राणू आहेत का हे कुणी पाहत नाही.

म्हणून सकाळी मादीचा स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घ्या. ड्रॉपरमध्ये दोन थेंब सलाइन, योनीच्या तोंडाशी सोडून परत ओढायचं, काचपट्टीवर थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली. मादीचं माजाचं चक्र साधारण चार-पाच दिवसांचं. माजाच्या आदल्या अवस्थेत केंद्रक असलेल्या गोल पेशींचे घोळके, माजावर असताना केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशी, वाळलेल्या पाकळ्यांसारख्या. नंतर पांढऱ्या पेशी येऊन मिसळतात आणि शेवटी त्याच उरतात. लाँग आणि इव्हान्स यांनी रॅटचं हे चक्र १९२२ मध्ये सविस्तर लिहिलं, तेव्हापासून पद्धतीत फारसा फरक नाही. गोल पेशींच्या दिवशी संध्याकाळी मादी नराच्या पिंजऱ्यात सोडायची, सकाळी स्मिअर पाहायचा. चपट्या पेशींत शेपट्या असलेले शुक्राणू दिसले तर गर्भाचा दिवस मोजायला सुरुवात. बुच आहे, चपट्या पेशी आहेत, पण शुक्राणू नाहीत किंवा नुसती तुटलेली डोकी आहेत, तर नराकडे बोट दाखवा.

याहून सोपी खूण तेराव्या-चौदाव्या दिवशी मिळते. वांझ नराशी मीलन झालं तरी मादीच्या शरीराला ते कळत नाही. गर्भाशयमुखाला चेतना मिळाली एवढं तिला पुरतं, आणि ती १२ ते १४ दिवस खोट्या गर्भावस्थेत जाते. चक्र थांबतं, स्मिअरमध्ये रोज पांढऱ्या पेशी, आपण समजतो गाभण आहे. मग चौदाव्या दिवशी अचानक गोल पेशी. वजनाचा आलेख तोवर सपाटच. आमच्या जुलैच्या वहीत ‘गाभण?’ असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलेल्या बहुतेक माद्या अशा होत्या.

अदलाबदलीही करून पाहा: तुमच्या संशयित नराला गेल्या दोन महिन्यांत व्यायलेली मादी द्या, आणि तुमच्या मादीला थंड खोलीत वाढलेला नर. एका महिन्यात दोष कुणाकडे ते कळतं. शेवटचा पुरावा आम्हाला योगायोगानं मिळाला. नीतिसमितीनं मंजूर केलेला दुसराच एक प्रयोग जुलैत संपला, त्यातल्या नरांचं अधिवृषण आम्ही कोमट सलाइनमध्ये कापून पाहिलं. एका क्षेत्रात मोजून पाच-सात शुक्राणू, निम्मे बिनशेपटीचे. नोव्हेंबरात हेच पाहिलं तर काचेखाली नुसती वळवळ, मोजायला पातळ करावं लागलं. यासाठी मुद्दाम प्राणी मारू नका, पहिल्या तीन खुणा पुरेशा आहेत.

काय केलं

कूलरच्या टाकीला बॉलकॉक बसवला आणि गच्चीवरच्या टाकीतून नळी आणली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. तरी गच्चीची टाकी टँकरवर असते, ती रिकामी असेल तर बॉलकॉक काय करणार? म्हणून एक दोनशे लिटरचा ड्रम राखीव. छताला चुना, त्यावर हिरवी जाळी एक फूट उंच मांडवासारखी. गावातल्या एकानं पऱ्हाट्या टाकायचा सल्ला दिला होता, पण पऱ्हाट्यांत रानउंदीर शिरतात आणि आगीची धास्ती, म्हणून नको म्हटलं. नर खालच्या फळीवर, भिंतीपासून सुटे. नोंद दहाला नाही, तीनला. सुट्टीत त्या वेळी जाणाऱ्याला वेगळे पैसे. प्राचार्यांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कूलरच्या बिलापेक्षा जास्त.

एक जपा. पाऊस सुरू झाला की कूलर बंद करा. दमट हवेत तो गारवा देत नाही, नुसता ओलावा देतो. तूस ओलं होतं, अमोनिया वाढतो, डोळ्यांना झोंबतो, आणि झोंबतो तो आधी त्यांना. आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत राहायला हवी. उलट एप्रिलात कूलर लावायच्या आधीची हवा इतकी कोरडी असते की लहान रॅटच्या शेपटीवर आवळलेली कडी पडतात आणि शेपटीचं टोक झडतं. ते पाहून कुणी दोऱ्यानं बांधलं का असं वाटतं. तो कोरडेपणाचा रोग आहे.

आणि जोड्यांचं वेळापत्रक बदललं. ऑगस्टमध्ये १८० ते २०० ग्रॅमचे उंदीर हवेत म्हणजे सात-आठ आठवड्यांचे. म्हणजे जन्म जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे मीलन २५ मेच्या आत. नवतपा त्याच दिवशी लागतो, लक्षात ठेवायला सोपं. आमच्याकडे आता नवतप्याआधी जोड्या लावून होतात आणि गाभण माद्या आतल्या गार खोलीत जातात. बॉलकॉक बिघडला तरी ती तुकडी हाती राहते.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

ऋतूशी जुळत नसेल, तर हे पुढचे घोळ पाहा. मी सगळे केले आहेत, एक सोडून.

दिव्याचा टायमर. खोलीत १२ तास उजेड, १२ तास अंधार. आमचा टायमर चकतीचा, विजेवर फिरणारा. भारनियमनात वीज गेली की चकती जागीच थांबते आणि वीज आली की तिथूनच पुढे. रोज तीन तास वीज गेली तर चार दिवसांत तुमची सकाळ त्यांच्या रात्रीत. रॅटमध्ये अंडं सोडण्याचा इशारा माजाच्या आदल्या दुपारी ठरावीक वेळी सुटतो. एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० मध्ये दाखवलं की त्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बार्बिट्युरेट देऊन मेंदू झोपवला, तर अंडं सुटणं बरोबर चोवीस तास पुढे ढकललं जातं. इतकं ते घड्याळाला बांधलेलं आहे. घड्याळच रोज सरकवलं तर चक्र विस्कटणारच. बॅटरीवर वेळ जपणारा डिजिटल टायमर घ्या. रात्री चौकीदारानं ट्यूब सुरू ठेवली का तेही पाहा. सतत उजेडात रॅट माद्या कायम माजाच्या स्मिअरमध्ये अडकतात आणि अंडं सुटत नाही.

ड्रॉपर. नवशिके विद्यार्थी ड्रॉपर खोल घालतात, गर्भाशयमुखाला धक्का लागतो आणि नराशिवायच खोटी गर्भावस्था. मग बारा-चौदा दिवस पांढऱ्या पेशी आणि ‘मॅडम, हिचं चक्रच नाही’. एका तुकडीच्या निम्म्या माद्यांना हे झालं तेव्हा उंदीर नाही, हात तपासा.

खाद्य. माझा दुसऱ्या वर्षाचा निष्कर्ष चुकला म्हणून खाद्य निर्दोष होत नाही. ई जीवनसत्त्व सापडलं तेच रॅटच्या वांझपणातून: १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप यांनी पाहिलं की ठरावीक शुद्ध आहारावर माद्या गाभण राहत, पण गर्भ आतच विरत. लेट्यूसची पानं दिली की पिल्लं होत. तेल खवट झालं की हे जीवनसत्त्व आधी जातं, आणि आपलं पत्र्याचं गोदाम त्यासाठी भट्टीच. पोत्यावरची तारीख पाहा, सहा महिन्यांपलीकडचं नको. बुरशी लागलेल्या मक्यात झिअरॅलेनोन नावाचं विष असतं, ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. लहान माद्यांची योनी सुजलेली दिसली तर तिकडे बघा. आणि आपल्या भागापुरती खास सूचना: स्थानिक गिरणीतून खाद्य बनवून घेत असाल तर त्यात सरकीची ढेप नाही ना हे तोंडी नाही, समोर उभं राहून पाहा. सरकीत गॉसिपॉल असतं. चीनमध्ये १९७०च्या दशकात त्याच्या पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक गोळ्या करून पाहिल्या गेल्या, इतकं ते शुक्राणूंना बाधतं. रॅटच्या नरांनाही बाधतं. गाईम्हशींचं पोट ते बरंच निभावून नेतं, म्हणून ढेप म्हटल्यावर कुणाला संशय येत नाही. हा घोळ मी केलेला नाही, शेजारच्या तालुक्यात पाहिला. त्याची खूण: बारा महिने सारखाच त्रास.

जवळचं रक्त. एकेका मादीची पिल्लं अकरावरून नऊ, नऊवरून सात, अशी पिढ्यांमागून पिढ्या हळूहळू घटत असतील तर ऊन-खाद्य विसरा. दोन नर आणि आठ माद्यांवर वसाहत चालवली तर रक्ताची जवळीक दर पिढीला सुमारे ७.८ टक्क्यांनी वाढते. तेच दहा नर, दहा माद्या ठेवल्या तर अडीच टक्के. बाहेरून नवे प्राणी आणा, आणि कायद्यानं नोंदणी असलेल्या ठिकाणाहूनच आणा.

पिल्लं होतात पण खाल्ली जातात. पहिलटकरणीला थोडी सूट द्या. नाहीतर आधी पाण्याच्या बाटलीची नळी दाबून पाहा, टोकाची गोळी अडकून बंद पडलेली असते. घरटं करायला कागदाच्या पट्ट्या द्या, पहिले तीन-चार दिवस तूस बदलू नका, पिंजरा हलवू नका. लग्नसराईतला डीजे आणि पोळ्याचा भोंगा आपल्या हातात नाही, पण स्टीलच्या ट्रॉलीचं कर्कश चाक आहे. आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वर त्यांना ऐकू येतात. आणि लक्षात घ्या, आई बरेचदा आधीच मेलेलं पिल्लू खाते. पिल्लाच्या पोटाच्या डाव्या बाजूला कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसतो का पाहा. तो नसेल तर प्रश्न दुधाचा आहे.

तेविसावा दिवस उलटला तरी प्रसूती नाही, आणि मादी आधीची पिल्लं पाजते आहे? थांबा. व्यायल्यावर चोवीस तासांत ती पुन्हा माजावर येते. नर तिथेच असेल तर पुन्हा गाभण. पण पाजत असताना नवा गर्भ रुजायला उशीर होतो आणि दिवस लांबतात. आम्ही अशी एक मादी ‘वांझ’ लिहून वेगळी काढली होती. तिनं तिसऱ्या दिवशी दहा पिल्लं दिली.

माइसवाल्यांसाठी दोनच गोष्टी. नुसत्या माद्या गर्दीनं ठेवल्या की चक्रं मंदावतात किंवा थांबतात, हे ली आणि बूट यांनी १९५५ मध्ये नोंदवलं. नराच्या पिंजऱ्यातलं घाण तूस त्यांच्यात तीन दिवस टाका, तिसऱ्या रात्री पुष्कळशा एकदम माजावर येतात. हे व्हिटनचं १९५६ चं निरीक्षण, फुकटचा उपाय. आणि मीलनानंतर गर्भ रुजण्याआधी परका नर शेजारी आणू नका, नुसत्या वासानं गर्भ जातो. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये दाखवलं ते माइसमध्ये. मी हे रॅटना लावून वर्षभर नरांचे पिंजरे दुसऱ्या खोलीत वाहून नेत होते, काकांच्या पाठीच्या जिवावर.

यंदा मुद्दाम जूनच्या शेवटी, म्हणजे आमच्या हमखास कोरड्या काळात, नऊ जोड्या लावून पाहिल्या. सात माद्या व्यायल्या. आठवी चौदाव्या दिवशी चक्रावर परतली. तिचा नर एका दुपारी वरच्या फळीवर राहून गेला होता की आणखी काही, ते पाहते आहे. नवव्या पिंजऱ्यात काहीच घडेना. काका तीन दिवस बघत होते, चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही उंदीर शेपटीनं उचलून माझ्यासमोर धरले. “मॅडम, ह्या तं दोनी बाया हायत.” पिंजरे धुताना कार्डं बदलली होती, आणि मी कार्ड वाचून जोडी लावली होती.